सुट्टीच्या पंचांगावर बसवलेली अ‍ॅनिमेची वर्गणी

बेळगावच्या शहापुरातल्या एका सहकारी सोसायटीत मी 19 वर्षे हिशेबाच्या वह्या लिहितो आहे. आमच्याकडे पिग्मी चालते. एजंट रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरून वीस-पन्नास रुपये गोळा करतो आणि मुदत संपली की त्याच दुकानदाराच्या हातात घराच्या कौलांपुरती किंवा मुलीच्या फीपुरती रक्कम पडते. सिंडिकेट बँकेने 1928 साली सुरू केलेली ही पद्धत आमच्या भागात चांगलीच मुरलेली आहे. त्यामुळे किरकोळ रक्कम किरकोळ राहत नाही, हे मला कुणी शिकवावे अशी परिस्थिती नव्हती. तरीही 2025 च्या मार्चमध्ये पासबुक छापून घेतले, तेव्हा एका व्हिडिओ सेवेने माझ्याच खात्यातून सलग दोन महिने पैसे नेलेले दिसले. ती सेवा आमच्या घरात दोन महिने कुणी उघडलीही नव्हती.

घडले होते ते असे. धाकट्याच्या हट्टापायी मी सात दिवसांची मोफत मुदत घेतली होती, त्यासाठी यूपीआयवर ऑटोपेची, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापून घेण्याची, मंजुरी दिली होती, आणि सहाव्या दिवशी आठवणीने मोबाइलमधून ते अ‍ॅप काढूनही टाकले होते. अ‍ॅप काढले म्हणजे वर्गणी बंद झाली, अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात अ‍ॅप निराळे, वर्गणी निराळी आणि बँकेला दिलेली मंजुरी आणखी निराळी. ऑक्टोबर 2021 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान 24 तास अगोदर ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि ती मला दोन्ही वेळा आलेली होती. रिचार्ज, कर्ज आणि लॉटरीच्या पन्नास संदेशांत ती मी वाचली नाही, एवढेच. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नसल्यामुळे अडवणारे दुसरे कुणी नव्हते. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या पानावर जाऊन मी मंजुरी रद्द केली, सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन वर्गणीही रद्द केली आणि गेलेल्या पैशांवर पाणी सोडले.

मार्चअखेरीच्या धामधुमीत हे प्रकरण विसरलोही असतो. पण नववीची परीक्षा देऊन आलेल्या थोरलीने जेवताना विषय काढला. 11 एप्रिलपासून शाळेला सुट्टी लागणार होती, आणि तिला क्रंचीरोल हवे होते. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, दाखवणारी ही सेवा.

“महिन्याला 79च आहेत की पप्पा,” ती म्हणाली.

दोन महिन्यांची कपात ताजी असल्यामुळे मी ताडकन नाही म्हणालो. मग सवयीप्रमाणे सोसायटीतून आणलेली एक जुनी आडव्या रकान्यांची वही काढली आणि तिला सांगितले, की काय बघायचे आहे त्याची आधी यादी कर, आणि यादीतले प्रत्येक नाव कुठे मिळते ते स्वतः शोधून पुढे लिही. हे मी तिला टाळण्यासाठी सांगितले होते, हे कबूल करायला हरकत नाही. तिने मात्र दोन दिवसांत 14 नावांची यादी आणून दिली, आणि मला ती वाचावी लागली.

ती यादी वाचल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली, ती म्हणजे मी तुलना उलट्या टोकाकडून करायला निघालो होतो. कोणती सेवा स्वस्त, असे मी विचारत होतो; पण सगळ्या मालिका एका दुकानात मिळतच नाहीत. मालिकांचे हक्क देशवार आणि प्रदेशवार विकले जातात. त्यामुळे अमेरिकेतला मुलगा जिथे एखादी मालिका बघतो, तिथेच ती भारतातून दिसेल असे नाही, आणि उलटही घडते. तैवानच्या म्यूज कम्युनिकेशन या कंपनीकडे आपल्या बाजूच्या आशियाचे हक्क असलेल्या कितीतरी मालिका आहेत, आणि त्यांतल्या काही ती म्यूज एशिया या यूट्यूब वाहिनीवर उघड्यावर, कायदेशीरपणे आणि फुकट दाखवते. 2022 मधली ‘स्पाय फॅमिली’ तिथे अशीच दाखवली गेली. थोरलीच्या यादीतली तीन नावे यूट्यूबवर सापडली आणि ती आम्ही तिथल्या तिथे खोडली. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी वर्गणी भरण्याची चूक होता होता राहिली. या वाहिन्यांवरचे भाग काही काळाने उतरवले जातात, म्हणून खोडलेल्या तीन मालिका सगळ्यांत आधी बघाव्यात एवढे तिला बजावले.

उरलेल्यांपैकी सहा क्रंचीरोलवर होत्या, चार नेटफ्लिक्सवर. एकीचा पत्ता कुठेच लागला नाही. तिच्या मैत्रिणी अशा मालिका कुठे बघतात हे तिने मला दाखवले. ती चोरीची संकेतस्थळे होती. दर मिनिटाला जुगाराची जाहिरात उघडत होती, आणि ती बंद करण्याचे चिन्हही खोटे होते. ज्या मोबाइलवर माझे बँकेचे अ‍ॅप आहे, त्यावर हे चालणार नाही, असे मी सांगितले. ती मालिका यादीत तशीच राहिली.

त्यानंतर दरांची पाने लिहिली. क्रंचीरोलचे दोन दर होते: फॅन 79 रुपये आणि मेगा फॅन 99 रुपये महिन्याला, मेगा फॅनचे वर्षाचे एकदम भरले तर 999. फॅनवर एका वेळी एकाच यंत्रावर बघता येते. मेगा फॅनवर चार यंत्रांवर बघता येते आणि भाग मोबाइलमध्ये उतरवूनही ठेवता येतात. नेटफ्लिक्सचे दर डिसेंबर 2021 मध्ये उतरल्यापासून मोबाइल 149, बेसिक 199, स्टँडर्ड 499 आणि प्रीमियम 649 असे आहेत. 149 वाला प्लॅन फक्त फोन आणि टॅबवर चालतो, टीव्हीवर नाही. दुपारी नातीसोबत बघायला बसणाऱ्या माझ्या आईचे डोळे पाहता मोबाइलचा प्लॅन आमच्या उपयोगाचा नव्हता, आणि 499 देऊन मिळणारी दुसऱ्या पडद्यावरही बघण्याची सोय व अधिक स्वच्छ चित्र आमच्या 32 इंची जुन्या टीव्हीवर वायाच गेले असते. म्हणजे आमच्यापुरते नेटफ्लिक्स म्हणजे 199.

अ‍ॅमेझॉन प्राइम आमच्याकडे आधीपासून होते, 1,499 रुपये वर्षाला, आणि ते मुख्यतः पार्सलांसाठी. त्यात सगळे आलेच असे मी धरून चाललो होतो. थोरलीने शोधून दाखवले, की तिथे अ‍ॅनिमेचा बराचसा माल वेगळ्या वाहिन्यांत ठेवलेला आहे, आणि त्या वाहिन्यांची वर्गणी वरून निराळी भरावी लागते. खुद्द क्रंचीरोलही तिथे अशी एक वाहिनी म्हणून विकत मिळते. शिवाय 17 जून 2025 पासून प्राइमवर जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या नको असतील तर महिन्याला 129 किंवा वर्षाला 699 रुपये आणखी मागू लागले. जिओहॉटस्टारचा मोबाइल प्लॅन तेव्हा तीन महिन्यांना 149 रुपयांत मिळत होता, पण यादीतले एकही नाव तिथे निघाले नाही. ते पान कोरेच राहिले.

या टप्प्यावर पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा म्हणाला, “मामा, माझंच नेटफ्लिक्स वापरा की, कशाला भरताय?” मोह झाला. परंतु 20 जुलै 2023 पासून नेटफ्लिक्सने भारतातही एक खाते म्हणजे एक घर असा नियम लावलेला आहे. पुण्यातल्या खात्यावर शहापुरातला टीव्ही चालवणे त्यात बसत नाही, आणि कधीही बंद पडू शकणाऱ्या खात्याच्या भरवशावर आईच्या दुपारी सोडणे मला पटले नाही.

मेहुण्याने रिचार्जसोबत नेटफ्लिक्स फुकट मिळते असे छातीठोकपणे सांगितले होते, आणि त्याचा हिशेब मांडताना मला खरोखर मजा आली. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओचा रोज 2 जीबीचा 84 दिवसांचा साधा रिचार्ज 859 रुपयांचा झाला आणि तेवढ्याच दिवसांचा, तेवढ्याच डेटाचा, नेटफ्लिक्सच्या मोबाइल प्लॅनसह येणारा 1,299 रुपयांचा. फरक 440. स्वतंत्रपणे तीन महिने 149 प्रमाणे भरले तर 447 होतात, आणि ते तीन महिने 84 दिवसांपेक्षा आठवडाभर मोठे असतात. म्हणजे फुकट काही नाहीच. उलट एखाद्या महिन्यात नको असेल तर न भरण्याची सोय तेवढी जाते. मेहुण्याला हे वहीतून वाचून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, “तुमच्यासारखा हिशेब कोण करतोय ओ!” आणि पुढच्या वेळी त्याने पुन्हा तोच रिचार्ज मारला.

आता खरा प्रश्न उरला होता तो महिन्याचा की वर्षाचा, हा. 999 भागिले 99, म्हणजे दहा महिन्यांहून अधिक वापर झाला तरच वर्षाचा सौदा फायद्याचा. शाळा, शिकवणी, चाचण्या, सहामाही, गणपती आणि मार्चची परीक्षा धरून नववी-दहावीतली मुलगी वर्षातले दहा महिने अ‍ॅनिमे बघणार असेल, तर चिंता वर्गणीची नव्हे, दुसऱ्याच गोष्टीची करायला हवी. मी तिला विचारले की मालिका येतात कशा, आणि तिने जे सांगितले त्यावर पुढची सगळी मांडणी उभी राहिली.

जपानमध्ये टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेचे वर्ष चार ऋतूंत वाटलेले असते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नव्या मालिका सुरू होतात, आठवड्याला एक भाग येतो आणि साधारण 12-13 भागांत एक फेरी पुरी होते. जो आठवड्याच्या आठवड्याला बघतो, तो तीन महिने वर्गणी भरतो. जो फेरी संपेपर्यंत थांबतो, तो एका महिन्याच्या पैशांत सगळे भाग सलग बघून मोकळा होतो. ‘सोलो लेव्हलिंग’ या मालिकेचा पहिला हंगाम 12 भागांचा, दुसरा 13 भागांचा, आणि हा दुसरा जानेवारी ते मार्च 2025 मध्ये येऊन संपलेला. म्हणजे 25 भाग, एकेक चोवीस मिनिटांच्या आतबाहेर, एकूण दहा तास. सुट्टीतल्या मुलीचे हे एका आठवड्याचेही काम नाही.

मग मी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी 11 एप्रिल ते 28 मे. म्हणजे जानेवारीची फेरी मार्चअखेर संपते आणि पंधरा दिवसांत आमची सुट्टी लागते. दुसरी सुट्टी दसऱ्याची, 20 सप्टेंबरपासून. म्हणजे जुलैची फेरी संपत येते तेव्हा. जपानच्या टीव्हीवाल्यांनी बेळगावच्या शाळा विचारात घेऊन वेळापत्रक आखले असावे, इतके हे नीट बसत होते. चंदगडला दिलेल्या माझ्या बहिणीच्या मुलांना ही सोय नाही. ते गाव आमच्यापासून फार लांब नाही, पण हद्दीपलीकडे आहे. त्यांची शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि दुसरी मोठी सुट्टी दिवाळीत येते, जेव्हा ऑक्टोबरची फेरी अर्धीच झालेली असते. सीमाभागात राहिल्यामुळे आमचे काय काय हुकते याची यादी मोठी आहे. इथे मात्र पारडे आमच्या बाजूला झुकले.

त्याप्रमाणे ठरले असे: क्रंचीरोल वर्षातून तीनच महिने, मेगा फॅनने, 297 रुपये, नेटफ्लिक्स दोन महिने, 398 रुपये. एकूण 695. दोन्ही सेवा वर्षभर ठेवल्या असत्या तर 999 आणि 2,388 मिळून 3,387 झाले असते. 79 च्या जागी 99 का, यावर घरात चर्चा झाली, पण ती लांबली नाही. एका वेळी एकच यंत्र म्हणजे थोरली आणि धाकटा यांच्यात रोज संध्याकाळी रिमोटवरून होणारे भांडण; 20 रुपयांत ते मिटत असेल तर मी कुठेही सही करायला तयार होतो. आणखी एक नियम मी घातला. ज्या दिवशी वर्गणी भरायची, त्याच दिवशी ती रद्दही करायची. पैसे भरलेला महिना त्यामुळे बुडत नाही, शेवटच्या तारखेपर्यंत सगळे चालू राहते, आणि पुढची कपात होत नाही. जिथून वर्गणी घेतली तिथूनच ती रद्द करावी लागते, म्हणून फोनच्या अ‍ॅप दुकानातून न घेता सेवेच्या संकेतस्थळावरूनच घ्यायची, हेही वहीत लाल शाईने लिहिले.

एप्रिल-मेचा महिना ठरल्याप्रमाणे पार पडला. मी रोज रात्री कुणी काय बघितले याची नोंद करत होतो. थोरलीला हा छळ वाटला, पण तिनेच पुढे ती नोंद ठेवायला घेतली. एका दुपारी जेवायला घरी आलो, तर आई तिच्या शेजारी बसून ‘सोलो लेव्हलिंग’ बघत होती. या मालिकेला हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवाज आहेत, आणि आई हिंदीत बघत होती. पडद्यावर राक्षसांची कत्तल चालली होती. आईचे लक्ष भलतीकडेच होते. “ह्येचा बाप कुठं गेलाय गं?” तिने नातीला विचारले. नायकाचा बाप खरोखरच बेपत्ता असतो, आणि तो सापडतो की नाही हे कळेपर्यंत आई उठली नाही. मराठी आवाज आम्हाला यादीतल्या एकाही मालिकेत मिळाला नाही, आणि कानडीही नाही. आमच्याकडे पाट्यांवरून एवढे रान उठते, पण या दुकानात दोन्ही भाषा सारख्याच दाराबाहेर उभ्या आहेत.

दसऱ्याचा महिना मात्र वहीप्रमाणे गेला नाही. 28 सप्टेंबरला, रविवारी, वर्गणी भरली आणि लगोलग रद्द केली. त्याच संध्याकाळी थोरलीने घरच्या वायफायवर संपलेल्या फेरीतले सगळे भाग मोबाइलमध्ये उतरवून घेतले, कारण दुसऱ्या दिवशी ती तिच्या आईसोबत आजोळी, जांबोटीच्या पुढच्या गावी जाणार होती. तिकडे रेंज नसते. पावसाळ्यात वीजही लहरीने येते. मेगा फॅनचा खरा उपयोग मला तेव्हा पटला. कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळे दोघींच्या बसचे तिकीट शून्य, वर्गणी 99, आणि 7 ऑक्टोबरला सुट्टी संपणार. हिशेब चोख होता.

पुढे दोन गोष्टी झाल्या. तिच्या आवडत्या मालिकेचा शेवटचा हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सुरू झाला. आमच्या मांडणीप्रमाणे तो संपेपर्यंत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत, तिने थांबायचे होते, आणि ती तसे कबूलही झाली होती. दुसरे म्हणजे सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणाच्या कामामुळे सरकारी व अनुदानित शाळांची सुट्टी सरकारने 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवली. तिची शाळा अनुदानित. उतरवलेले भाग तोवर संपले होते, आणि रेंजमध्ये असलेल्या मैत्रिणींनी पहिल्या भागात काय झाले ते सांगायला सुरुवात केली होती. तिने बायकोच्या फोनवरून मला फोन केला, तोही आवाज तुटत तुटत.

“पप्पा, डिसेंबरपर्यंत सगळ्याजणी सगळं सांगून टाकतील. मग बघून काय उपयोग?”

थांबण्याची किंमत मी शून्य धरली होती. ती शून्य नव्हती, हे मला त्या फोनवर मान्य करावे लागले. वर्गणी 27 ऑक्टोबरपर्यंत चालूच होती, तेव्हा पैशांचा प्रश्न नव्हता. प्रश्न रेंजचा होता. तो तिच्या मामाने सोडवला. त्याने तिला मोटारसायकलवर बसवून जांबोटीपर्यंत आणले, एका चहाच्या टपरीसमोर दोघे बसले, आणि आलेले भाग उतरेपर्यंत मामाने दोन कप चहा घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच फेरी.

19 तारखेला ती परत आली तेव्हा वही मागून घेतली. 28 सप्टेंबरच्या माझ्या नोंदीखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: मामाचे पेट्रोल, दोन फेऱ्या, 100, चहा 40, मामाने पैसे घेतले नाहीत.